पैसे नाहीत, हक्क आहे

घराचे कागद झाले त्या दिवशी बँकेतल्या बाईने चळतीतून एक कागद वर काढला, त्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे झालं की घर तुझं." इथे नॉर्वेत सगळे सगळ्यांना 'तू'च म्हणतात. तो शब्द होता 'तिंगल्यूस्त'. ऑस्लोपासून तासाभरावर दोन खोल्यांचं घर आम्ही घेत होतो आणि माझं लक्ष व्याजाच्या आकड्यांवरून उडून त्या शब्दावर गेलं. तिंग म्हणजे सभा. ल्यूसे म्हणजे जाहीर करणं, पुकारणं. सभेत पुकारलेलं. आमच्या दोन खोल्या कोणत्या सभेत, कोणी पुकारल्या?

आज कोणीच पुकारत नाही, सरकारी कार्यालयात कॉम्प्युटरवर नोंद होते. पण शब्द खोटा नाही. शेकडो वर्षं इथे जमिनीचा व्यवहार गावसभेत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पक्का होत नसे. आपल्याकडे गावात सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं, तोच प्रकार. त्याच चळतीतला दुसरा शब्द 'श्योते', म्हणजे खरेदीखत. त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या 'स्काउत' या शब्दात आहे आणि स्काउत म्हणजे वस्त्राचा घोळ, पदर, ओटी. फार जुन्या काळी जमीन विकणारा चुलीच्या चारही कोपऱ्यांतली, घरधन्याच्या बैठकीखालची, शेत आणि कुरण जिथे भिडतात तिथली माती उचलायचा आणि साक्षीदारांदेखत घेणाऱ्याच्या ओटीत घालायचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या भाषेत मी सहा वर्षं फक्त मीटिंगा आणि ईमेल उरकत होते, तिच्या पोटात जमीन ओटीत घालण्याचा विधी निघाला होता.

तेव्हापासून मी या देशाची जुनी कोर्टाची पुस्तकं वाचते आहे.

ती वाचायची तर आधी लिपी शिकावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत इथलं लिखाण गॉथिक वळणाचं असे. आजच्या शिकल्यासवरल्या नॉर्वेजियन माणसाला त्यातली एक ओळ लागत नाही. गावातल्या इतिहासमंडळाचा संध्याकाळचा वर्ग असतो, तिथे निवृत्त शिक्षक शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'ई' आणि 'एन' ही दोन अक्षरं काढली. दोन्ही अगदी सारखी. 'यू' आणि 'एन' यांच्यात गोंधळ होऊ नये म्हणून 'यू'च्या डोक्यावर एक छोटी कोयरी काढतात, ती दिसली की जीव भांड्यात पडतो. मला आमचे आजोबा आठवले. ते तलाठी होते आणि मोडी वाचायचे. "मोडीत ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, शब्दाचा अंदाज घ्यायचा आणि पुढं जायचं," असं म्हणायचे. मी मोडी शिकले नाही. आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदांची घडीसुद्धा मी उलगडू शकत नाही आणि परक्या देशातल्या परक्या शेतकऱ्यांचे कज्जे मात्र अक्षर अक्षर लावून वाचते, याची टोचणी आहे.

ही पुस्तकं म्हणजे 'तिंगबोक', सभेची वही. त्यांचा जन्म कसा झाला ते सांगते, कारण माझ्या मनात घोळणारी गोष्ट तिथूनच सुरू होते.

नॉर्वे १३८० पासून डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली होता. १५३६ साली ख्रिस्तियान तिसऱ्याने डॅनिश सरदारांना लिहून दिलं की यापुढे नॉर्वे हे वेगळं राज्य राहणार नाही, युटलंड किंवा फ्यून यांच्यासारखाच तो डेन्मार्कचा एक भाग असेल. पुढच्याच वर्षी त्रोंधाइमचा आर्चबिशप ओलाव एंगेलब्रेक्टसन देश सोडून पळाला, नॉर्वेची राजसभा संपली, धर्म बदलला, चर्चची जमीन राजाकडे गेली. राहिली ती गावोगावची तिंग. ती राजापेक्षा जुनी होती. तिथे शेतकऱ्यांमधूनच निवडलेले पंच बसत, त्यांना लाग्रेत म्हणत, आणि कज्जाचा निवाडा तेच करत.

या पंचांना लिहिता येत नसे. १५९१ साली राजाज्ञा निघाली की प्रत्येक ठिकाणी त्यांच्या मदतीला शपथ घेतलेला एक लेखक असावा. हा 'सोरेनस्क्रिवर'. सोरेन म्हणजे शपथबद्ध. आला तो कारकून म्हणून, पण लिहिणारा हात हळूहळू ठरवणारा हात झाला. १६८७ च्या कायद्याने बहुतेक खटल्यांत तोच एकटा न्यायाधीश झाला. जीव, अब्रू, जमिनीचा वारसा आणि बांध, अशा प्रकरणांत मात्र पंच राहिले. आजही जिल्हा न्यायालयाच्या प्रमुखाला सोरेनस्क्रिवर म्हणतात आणि त्या न्यायालयाच्या नावात तिंग आहे.

वर्षातून तीनदा सभा भरायची, हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि शरदात. जागा म्हणजे कोणातरी शेतकऱ्याचं मोठं घर. तिथे राजाचा वसुली अधिकारी फोग्द यायचा, लोकांच्या बोलीत त्याला फूत म्हणत. तो कर घ्यायचा. सोरेनस्क्रिवर कोपनहेगनहून आलेले हुकूम वाचून दाखवायचा. मग खरेदीखतं, गहाणखतं, वाटण्या आणि शेवटी भांडणं. कोणाच्या गाईने कोणाचं गवत खाल्लं, कोण कोणाला चोर म्हणाला, हे सगळं त्या एका खोलीत, ओल्या लोकरीच्या वासात, एका माणसाच्या बोरूखालून जायचं. बोलणारे आपापल्या खोऱ्याच्या बोलीत बोलत आणि लिहिणारा डॅनिशमध्ये लिहीत असे. सगळ्या नॉर्वेत विद्यापीठ नव्हतं, ते १८११ साली झालं. तोवर शिकायचं ते कोपनहेगनला.

पंच सही करत नसत, शिक्का उठवत. शिक्क्यावर 'बूमर्के', म्हणजे घराण्याची किंवा शेताची खूण. सरळ रेघा, एक आडवी, एखादा त्रिकोण, वर नावाची आद्याक्षरं. मेणाचा तो लाल-काळा ठिपका मी स्क्रीनवर मोठा करून बघते तेव्हा आपल्या जुन्या कागदांवरची पाटलाची नांगराची निशाणी आठवते. आणि ज्याच्याकडे शिक्काही नाही त्याच्यासाठी एक सोय होती. लेखक त्याचं नाव लिहायचा आणि तो माणूस नुसता लेखणीला हात लावून उभा राहायचा. नावापुढे तसं लिहिलेलं असतं, 'लेखणी धरून'. दुसऱ्याच्या हातातल्या लेखणीवर ठेवलेला हात. त्या दोन शब्दांवरून मला पटकन पुढे जाता येत नाही.

आता राजाकडे येऊ. १६६० साली फ्रेडरिक तिसऱ्याने सरदारांची सत्ता मोडली आणि तो वंशपरंपरेचा, निरंकुश राजा झाला. १६६१ च्या ऑगस्टमध्ये ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, नॉर्वेच्या प्रतिनिधींनी त्याला मान्यता देणाऱ्या दस्तावर सह्या-शिक्के केले. त्यांत शेतकऱ्यांचेही प्रतिनिधी होते. १६६५ चा राजकायदा सांगतो की राजा फक्त देवाला जबाबदार आहे, पृथ्वीवरचा कोणताही मानवी कायदा त्याच्या वर नाही. हा कायदा कितीतरी वर्षं छापलासुद्धा नव्हता, प्रजेच्या हाती तो १७०९ साली पडला. लिहिणारा होता पेडर शूमाकर, कोपनहेगनच्या एका दारूविक्रेत्याचा बुद्धिमान मुलगा. पुढे तो ग्रिफेनफेल्ड नावाने सर्वांत बलाढ्य मंत्री झाला आणि १६७६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली वधस्तंभापर्यंत पोचला. तिथे ऐनवेळी शिक्षा जन्मठेपेवर आली. त्रोंधाइमच्या खाडीत मुंकहोल्मेन नावाचं बेट आहे, तिथे तो १६८० पासून अठरा वर्षं कैदेत होता. मी त्या बेटावर गेले आहे. उन्हाळ्यात तिथे लोक पोहायला जातात. राजाला कोणीही जाब विचारू शकत नाही, हे वाक्य ज्याने रचलं त्याला दाद मागायला कोणतीही जागा उरली नव्हती.

याच राजघराण्याबद्दलची आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. कोरोमंडल किनाऱ्यावरचं त्रांकेबार, म्हणजे तरंगमबाडी, १६२० पासून या राजाच्या ताब्यात होतं. ती जागा तंजावरच्या रघुनाथ नायकाने दिलेली, आणि तिच्याबद्दल दरवर्षी तंजावरला रक्कम भरावी लागे. १६७० च्या दशकात तंजावरला भोसल्यांचं राज्य आलं. म्हणजे ऑस्लोत, बर्गनमध्ये पृथ्वीवरच्या कोणत्याही कायद्याच्या वर असलेला राजा आपल्या व्यंकोजीराजांच्या वंशाला वार्षिक भरणा करत होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्रांकेबारचा गव्हर्नर पेटर आंकर हा नॉर्वेजियन होता. त्याने दक्षिणेतल्या देवळांची काढलेली जलरंगातली चित्रं ऑस्लोच्या संग्रहालयात आहेत. निरंकुश हा शब्द वाचला की मला हे दोन कागद शेजारी शेजारी दिसतात, राजकायदा आणि तंजावरची पावती.

१६८७ च्या एप्रिलमध्ये ख्रिस्तियान पाचव्याने नॉर्वेसाठी सहा भागांचा मोठा कायदा दिला. त्यातली काही कलमं आजही लागू आहेत. पाचव्या भागाचं पहिलंच कलम म्हणतं की माणसाने तोंडाने, हाताने आणि शिक्क्याने जे कबूल केलं ते पाळायला तो बांधलेला आहे. आमच्या गृहकर्जाच्या मुळाशी शेवटी तेच कलम आहे. पण मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते त्याच भागात जरा पुढे येतं. 'ओडेल'.

ओडेल म्हणजे आपल्या वतनाच्या जवळ जाणारी कल्पना. एकाच घराण्याकडे ठरावीक वर्षं शेत राहिलं की त्या घराण्याचा त्यावर ओडेल बसतो. मग कोणी ते बाहेरच्याला विकलं, तरी भाऊबंदांपैकी कोणीही पैसे देऊन ते सोडवून घेऊ शकतो. राजाने हा हक्क मोडला नाही. डेन्मार्कमध्ये १७३३ पासून शेतकरी पुरुषांना जमीनदाराच्या जागेशी जखडून ठेवणारा कायदा होता, नॉर्वेत तो कधी आला नाही. सरदार मूठभर, डोंगर आणि दऱ्या अफाट, आणि १६६० नंतर कर्जात बुडालेल्या राजाने स्वतःच्या जमिनी विकायला काढल्यावर पुढच्या शंभर वर्षांत त्यांतल्या कित्येक फिरत फिरत कसणाऱ्यांच्याच हाती आल्या. १८१४ च्या राज्यघटनेने ओडेलला हात लावायला मनाई केली आणि ते कलम अजून तिथे आहे.

पण सोडवून घ्यायचं तर पैसे हवेत. नसतील तर? इथे कायद्याने जे सुचवलं त्यासारखी गोष्ट मी दुसरीकडे वाचलेली नाही. ज्याचा ओडेल आहे पण ऐपत नाही, त्याने तिंगवर यायचं आणि सर्वांसमक्ष जाहीर करायचं, की या शेतावर माझा हक्क आहे आणि आज माझ्याकडे पैसे नाहीत. 'पेंगेमांगेल' म्हणजे पैशांची टंचाई. लेखक ते वहीत लिहून घ्यायचा. दहा वर्षांनी पुन्हा यायचं, पुन्हा तेच बोलायचं. पुन्हा दहा वर्षांनी. बोलत राहिलं तोवर हक्क जिवंत. गप्प बसलं की गेला.

माझे बाबा गप्प बसले.

आमच्या घरच्या रानातला विहिरीकडचा सव्वा एकर थोरल्या काकांनी विकला तेव्हा मी सातवीत होते. आजीच्या दुखण्याचं कर्ज होतं आणि दुसरा मार्ग नव्हता, काकांचा त्यात काही दोष नाही. बाबा पुण्याला कारखान्यात होते, त्यांनी संमतीची सही केली. घेणारा भाऊबंदांतला नव्हता. त्यानंतर सुट्टीत गावी गेलो की बाबा ओढ्याच्या अंगाने लांबून जायचे, विहिरीची वाट घ्यायचे नाहीत. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या खिशातली छोटी डायरी आईने माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर एक गट नंबर होता आणि त्यापुढे रक्कम. ती रक्कम खोडून त्याखाली मोठी रक्कम, तीही खोडून आणखी मोठी, निळ्या शाईत, काळ्या शाईत, शेवटची बॉलपेनने. पाच वेळा खोडलेली. म्हणजे वर्षानुवर्षं ते त्या सव्वा एकराचा भाव काढत होते.

पेंगेमांगेल हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी ती डायरी कपाटातून काढून मांडीवर घेतली होती.

या वह्यांबद्दल मला एवढी माया वाटते, म्हणून त्यांत दुसरं काय आहे तेही सांगायला हवं. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, वार्दोला, समुद्रकाठी एक लांबट स्मारक आहे. आतल्या अरुंद वाटेने चालत गेलं की खिडकी-खिडकीपाशी एकेका माणसाची हकिकत लटकलेली दिसते. एकूण ९१. सतराव्या शतकात फिनमार्कमध्ये चेटकाच्या आरोपावरून ज्यांना मारलं त्यांची ही नावं. बहुतेक बायका. त्या हकिकती कोर्टाच्या कागदांतूनच घेतलेल्या आहेत. त्याच शपथेच्या लेखणीने, त्याच शांत अक्षरात लिहून ठेवलं आहे की तिला पाण्यात टाकलं, ती तरंगली आणि मग तिने कबूल केलं. मी तिथे चारच खिडक्या वाचल्या आणि बाहेर येऊन वाऱ्यात उभी राहिले.

१६९२ मध्ये वाडसोला अनेर्स पॉलसेन नावाच्या म्हाताऱ्या सामी, म्हणजे उत्तरेतल्या मूळ रहिवाशांपैकी, माणसावर ढोल बाळगल्याबद्दल खटला चालला. ढोलावर चिन्हं रंगवलेली होती, देवांची, सूर्याची, जनावरांची. त्याने एकेक चिन्ह दाखवून अर्थ सांगितला आणि लेखकाने तो उतरवून घेतला. निर्णयासाठी कोपनहेगनला विचारायचं ठरलं, पण उत्तर येण्याआधीच कोठडीत असताना एका भ्रमिष्ट माणसाने कुऱ्हाडीने त्याला मारलं. ढोल कोपनहेगनला गेला. २०२२ मध्ये तो कायमचा सामी लोकांकडे, काराशोकच्या संग्रहालयात परत आला. ज्या राज्याने त्याचा ढोल हिसकावला त्याच राज्याच्या वहीत त्या ढोलाचा अर्थ, त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, शिल्लक राहिला. याने झालेल्या क्रौर्यात काडीचाही फरक पडत नाही. तरीही मी ती वही जपणाऱ्यांच्या बाजूची आहे.

लेखकाला पगार नव्हता म्हटलं तरी चालेल, त्याचं पोट दर कागदामागच्या फीवर. म्हणून तक्रारी येत, त्या मुख्यतः फी आणि करांच्या. १७६२ मध्ये बारा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला एक रिक्सडालर असा जादा कर बसला. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच. १८ एप्रिल १७६५ ला बर्गनच्या आसपासचे सुमारे दोन हजार शेतकरी-मच्छीमार शहरात घुसले आणि त्यांनी राजाच्या बड्या अधिकाऱ्याला मारहाण करून वसूल झालेले पैसे परत करायला लावले. १७७२ मध्ये तो कर गेला.

वीस वर्षांनंतर दक्षिण किनाऱ्यावर, लिलेसानजवळ, ख्रिस्तियान लोफ्थूस नावाच्या शेतकऱ्याने वेगळी वाट धरली. तो अधिकाऱ्यांशी न झगडता थेट कोपनहेगनला गेला. १७८६ साल. राजा मनोरुग्ण, कारभार युवराज फ्रेडरिककडे. लोफ्थूसने युवराजाला भेटून अधिकारी जादा फी कसे उकळतात ते सांगितलं. पुरावा आण, असं त्याला सांगण्यात आलं. तो परतला आणि त्याने गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या. त्याचा राजावर विश्वास होता. राजाला खरं कळलं की तो न्याय करेल, असंच त्याच्याबरोबरच्या शेकडो शेतकऱ्यांना वाटत होतं. चौकशी आयोग नेमला गेला, त्याला कितीतरी तक्रारींत तथ्य आढळलं, काही अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. आणि लोफ्थूसला १७८७ च्या मार्चमध्ये पकडून आकर्शहूसच्या किल्ल्यात साखळदंडाने दगडी ठोकळ्याला बांधलं. जन्मठेप झाली, अपील वरच्या कोर्टात पडून राहिलं. तो १७९७ मध्ये तुरुंगात मेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा १७९९ मध्ये कायम केली. मेलेल्या माणसाची.

आकर्शहूसच्या तटावरून ऑस्लोची खाडी फार सुंदर दिसते. पाहुणे आले की त्यांना मी तिथे नेते आणि लोफ्थूसचं नाव सांगितल्याशिवाय खाली उतरू देत नाही.

सध्या मी एका खोऱ्याच्या वह्या क्रमाने वाचते आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या स्कॅन करून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, त्यामुळे मुलं झोपली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा एवढंच. एका हिवाळी सभेच्या पानावर, दोन गहाणखतांच्या मध्ये, साडेतीन ओळींची एक नोंद मला लागली. एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला की वडिलांकडून आलेल्या शेतावर आपला ओडेल आहे, ते सोडवायला आज पैसे नाहीत. शेवटचा शब्द लावायला मला दोन रात्री लागल्या, शाई पलीकडच्या पानावरून उमटली आहे.

त्याच खोऱ्याची दहा वर्षांनंतरची वही काढली. तो आला होता. शब्द जवळजवळ तेच, लेखकाचं अक्षर मात्र बदललेलं, आधीच्यापेक्षा वाईट. मग विसाव्या वर्षाची वही उघडली. हिवाळी सभेत तो नाही. उन्हाळी सभेत नाही. पानं ओलीने चिकटून कडेला काळी पडली आहेत, एका रात्रीत दीड पान सरकतं. शरदाच्या सभेची अकरा पानं उरली आहेत.

डायरी टेबलावरच असते, लॅपटॉपच्या डाव्या बाजूला.